तीन टक्क्यांचा दगड

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट आहे. संध्याकाळची डहाणू लोकल विरारला बरीचशी रिकामी होते आणि वैतरणेचा पूल ओलांडला की नेहमीच्या मंडळींना बोलायला उसंत मिळते. सफाळे आले तेव्हा समोर बसलेल्या एका गृहस्थांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे आकाशातले आणि पाताळातले सगळे प्रश्न डब्यात माझ्याकडेच येतात.

"सर, हे खरं का हो? बावीस डिसेंबर दोन हजार बत्तीस. आकाशातून दगड पडणार म्हणतात. मुंबईचं नावसुद्धा आहे यात."

हे गृहस्थ बोईसरला राहतात. तिथल्या दोन खोल्यांच्या घराचे कर्ज २०३४ साली फिटायचे आहे. "म्हणजे शेवटच्या दोन वर्षांचे हप्ते भरायचे की नाही, तेवढं फक्त सांगा," ते म्हणाले. डबा हसला. मीही हसलो आणि बातमी खरी आहे, असे सांगितले. शक्यता तीन टक्क्यांच्या आसपास सांगितली जात होती. "तीनच ना? मग काही नाही," एकजण म्हणाला. "तीन म्हणजे शंभरात तीन. लॉटरीत एवढी शक्यता असती तर तू घर विकून तिकिटं घेतली असतीस," दुसऱ्याने त्याला गप्प केले.

खिडकीशी एक बाई बसल्या होत्या. मुंबईच्या एका रुग्णालयात त्या परिचारिका आहेत आणि माहेर डहाणू तालुक्यात धुंदलवाडीच्या बाजूला. त्या एवढा वेळ ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्हांला टक्के तरी सांगतात, सर. आमच्याकडे दोन हजार अठरापासून जमीन हलते. तारीख राहू द्या, कुणी टक्केसुद्धा सांगत नाही."

त्यावर मला लगेच काही बोलता आले नाही. पालघर आले, माणसे उतरली आणि विषय बदलला. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले.

आधी त्या दगडाची हकीकत. २७ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातील एका दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. ही दुर्बीण ‘अ‍ॅटलास’ नावाच्या टेहळणी यंत्रणेची. लघुग्रहाला नाव मिळाले ‘२०२४ वायआर-४’. दिसला तेव्हा तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते. पाहुणा निघून गेल्यावर त्याची पाठ दिसावी तसे. सुरुवातीला त्याचा आकार चाळीस ते नव्वद मीटर असा धरला होता. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने मोजले तेव्हा तो साठ मीटरच्या आसपास भरला, म्हणजे पंधरा ते वीस मजली इमारतीएवढा. सूर्याभोवती फिरत तो साधारण चार वर्षांनी पृथ्वीच्या वाटेजवळ येतो. २०३२ च्या फेरीत तो पृथ्वीवरच येण्याची शक्यता जानेवारी २०२५ च्या अखेरीस एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला नासाच्या गणितात ३.१ टक्क्यांवर पोहोचली. या आकाराच्या दगडाबाबत इतका मोठा आकडा त्यापूर्वी कधीच आला नव्हता. आला असताच तर तो जिथे पडू शकत होता तो पट्टा पूर्व पॅसिफिक महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा येत थेट दक्षिण आशियापर्यंत होता. मुंबईचे नाव बातम्यांत आले ते यामुळे. आणि आकाशातून पाहिले तर मुंबई आणि बोईसर यांत फरक तो काय?

मग चोवीस तासांत आकडा दीड टक्क्यावर आला, आणखी दोन दिवसांत पाव टक्क्याच्या आसपास, आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के. प्रकरण मिटले. काही काळ तो चंद्रावर आदळेल का, अशी चर्चा राहिली. त्या वर्षी ती शक्यता चार टक्क्यांच्या घरात सांगितली जात होती. पृथ्वीपुरता मात्र निकाल लागला.

डब्यात दुसऱ्या आठवड्यात टीका सुरू झाली. "हे शास्त्रज्ञ रोज आकडे बदलतात. आधी घाबरवायचं, मग म्हणायचं काही नाही!" हा आरोप मी लहानपणापासून ऐकतो आहे आणि तो अगदी चुकीचा आहे. का, ते सांगायला आपल्याच किनाऱ्याची एक आठवण पुरेशी आहे.

जून २०२० मधले निसर्ग चक्रीवादळ आठवा. १ जूनला हवामान खात्याने सांगितले की वादळ हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान कुठेतरी किनारा ओलांडेल. म्हणजे आपला सगळा पालघर जिल्हा त्या पट्ट्यात. सातपाटीपासून डहाणूपर्यंत होड्या ओढून वर घेतल्या, किनाऱ्यावरच्या गावांतली माणसे हलवली. ३ जूनला वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले. हवामान खाते चुकले का? नाही. वादळ दूर असते तेव्हा पट्टा रुंद असतो. ते जवळ येते, मोजमापे वाढतात, तसा पट्टा अरुंद होतो.

लघुग्रहाचे तसेच आहे. पहिल्या काही रात्रींच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढायची, तर चूक लाखो किलोमीटरची. त्या लांबलचक पट्ट्यात पृथ्वी एक ठिपका. निरीक्षणे वाढली की पट्टा आखडतो, पण पृथ्वी अजून त्याच्या आतच असेल तर आता ती पट्ट्याचा अधिक मोठा हिस्सा व्यापते. म्हणून टक्के वाढतात. दगड जवळ आला म्हणून नव्हे, आपले अज्ञान कमी झाले म्हणून. आणखी आखडता आखडता पट्ट्याची कड पृथ्वीवरून सरकते आणि आकडा एका रात्रीत कोसळतो. म्हणजे जवळून चुकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दगडाचे टक्के आधी चढणार आणि मग पडणारच. हे वर्तमानपत्रांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. बहुतेकांनी मुंबईच्या आकाशात आगीचा गोळा छापला.

असे पूर्वीही झाले आहे. मार्च १९९८ मध्ये ‘१९९७ एक्सएफ-११’ हा लघुग्रह २०२८ साली पृथ्वीच्या फार जवळून जाणार असे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी १९९० सालची जुनी छायाचित्रे सापडली आणि ‘फार जवळ’ म्हणजे साडेनऊ लाख किलोमीटरहून अधिक निघाले. जून २००४ मध्ये ‘अपोफिस’ सापडला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात २०२९ मधल्या धडकेची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. तीही मिटली. त्याच्याकडे पुढे वळू.

आपल्याकडे याहून वाईट तऱ्हा पाहिल्या आहेत. फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रह मकर राशीत आले तेव्हा जगबुडीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले, असे वडीलधारी मंडळी सांगत. १९७९ चे स्कायलॅब मला स्वतःला आठवते. अमेरिकेची ती सत्त्याहत्तर टनांची प्रयोगशाळा खाली येणार होती आणि कुठे ते कोणालाच सांगता येत नव्हते. आमच्या गावात एकाने कोंबड्या कापून सगळ्या आळीला जेवण घातले. पुढे कोंबड्यांचे काय होणार, हा त्याचा प्रश्न होता. ११ जुलैला स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कोंबड्यांचा मालक पुढे कित्येक वर्षे अमेरिकेवर रागावून होता.

पण हसून सोडून द्यावे असाही हा विषय नाही, आणि त्याचा पुरावा पाहायला परदेशी जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन एकदा जावे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एस.टी.ने रात्रभर प्रवास करून कंबर धरली होती. काठावर येईपर्यंत काही दिसत नाही; सपाट शेते, ज्वारीची धाटे, आणि एकदम पायाखालची जमीन संपते. खाली गोल, हिरवट तळे. काठाकाठाने झाडी आणि जुनी देवळे. काठापासून समोरच्या काठापर्यंत जवळजवळ १.८ किलोमीटर, म्हणजे बोईसर स्टेशनातून निघून वीस-पंचवीस मिनिटे चालाल तेवढे. खोली दीडशे मीटरच्या जवळपास. गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे. लोणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहत होता आणि विष्णूने त्याला मारले, ही स्थानिक कथा. आकाशातून काहीतरी उतरले आणि जमीन फाटली, एवढा धागा त्या कथेत आहे खरा, पण तो योगायोग मानावा; कथा रचणाऱ्यांनी तो आघात पाहिला नव्हता.

इंग्रज अधिकाऱ्यांनी १८२३ साली लोणारची नोंद केली. ज्वालामुखीच्या देशातला हा खड्डा ज्वालामुखीचाच असणार, असे पुढे बराच काळ मानले गेले. दख्खनचा सगळा काळा कातळ लाव्हाचा, त्यामुळे तो तर्क अगदीच वेडा नव्हता. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी तळात छिद्रे पाडून मिळालेल्या खडकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रचंड दाबाखालीच होतात असे बदल त्या खडकांतल्या स्फटिकांत होते. ज्वालामुखी तसा दाब देत नाही. तो आघातातच निर्माण होतो. साधारण शंभर मीटरच्या आसपासचा एक अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आला आणि काही क्षणांत हे विवर झाले. बेसाल्टच्या कातळात झालेले इतके चांगले टिकलेले विवर पृथ्वीवर दुर्मिळ, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

आघात कधी झाला? आमच्या वेळच्या पुस्तकांत बावन्न हजार वर्षे असे होते आणि मी मुलांना तेच शिकवले. पुढे अधिक खात्रीच्या पद्धतीने मोजल्यावर उत्तर सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे आले. दहापटीहून अधिक फरक! शिकवलेले परत घेता येत नाही, पण माझे विद्यार्थी हा लेख वाचत असतील तर त्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.

आपल्या शेजारीही एक लहानसा पाहुणा आला आहे. पालघर जिल्ह्याची हद्द ओलांडली की गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातला कपराडा तालुका लागतो. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथे एक अशनी पडला. कुणाला काही झाले नाही. आज तो दगड जगातल्या अशनींच्या यादीत ‘कपराडा’ याच नावाने आहे. असे लहान दगड पृथ्वीवर सतत पडत असतात, बहुतेक समुद्रात. वीस मीटरच्या आसपासचा दगड काही दशकांतून एकदा येतो. तो १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियात चेल्याबिन्स्क शहरावर तीस किलोमीटर उंचीवर फुटला. आधी सूर्याहून प्रखर प्रकाश दिसला. काय झाले ते पाहायला माणसे खिडक्यांशी गेली. दोन-अडीच मिनिटांनी स्फोटाची लाट पोहोचली आणि काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, त्यांतली बहुतेक काचांनी. तारापूर-बोईसरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. औद्योगिक वसाहतीत कुठे मोठा आवाज झाला की आपणही आधी खिडकीशीच धावतो. धावू नये. लख्ख उजेड दिसला तर खिडकीपासून दूर जाऊन भिंतीआड बसावे, हे त्या शहराने दीड हजार जखमांतून शिकवले.

वायआर-४ च्या आकाराचा दगड हा त्याच्या पुढचा प्रकार. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर साधारण असाच एक फुटला. दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे झाले. पालघर जिल्ह्याचे आठ तालुके मिळून ५,३४४ चौरस किलोमीटर भरतात. त्यातला दोन पंचमांश भाग समजा.

आता कागद-पेन्सिल घ्या, हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. असा दगड साधारण हजार वर्षांतून एकदा येतो असे धरू. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. त्यातले २,१५० चौरस किलोमीटर उद्ध्वस्त होतात. म्हणजे दगड आलाच तर त्या टापूत बोईसर स्टेशन सापडण्याची शक्यता सुमारे दोन लाख सदतीस हजारांत एक. आणि दगड हजार वर्षांतून एकदा, म्हणून एखाद्या वर्षी ती शक्यता चोवीस कोटींत एक. पंचाहत्तर वर्षे बोईसरच्या फलाटावर उभे राहिलात तरी बत्तीस लाखांत एक. त्या काळात रूळ ओलांडून पलीकडे जाणे, मनोर-चारोटीच्या हमरस्त्यावर रात्री मोटारसायकल चालवणे, पावसाळ्यात उघड्या शेतात विजेखाली उभे राहणे, यांतले काय काय कराल त्याचा हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा.

ही शक्यता इतकी लहान का? कारण आपणच इतके लहान आहोत. वर्गात मी हे नेहमी बोईसर स्टेशनपासून सुरू करत असे. स्टेशनाबाहेर सूर्य ठेवा, जवळजवळ दीड मीटर व्यासाचा गोळा. या मापात पृथ्वी म्हणजे एक करवंद, दीडशे मीटरवर. त्याच्यापासून हातभरापेक्षा कमी अंतरावर मुगाचा दाणा, तो चंद्र. माणूस आजवर प्रत्यक्ष जाऊन आला तो या करवंदापासून मुगापर्यंत. गुरू म्हणजे पपनस, पाऊण किलोमीटरवर. नेपच्यून लिंबाएवढा, साडेचार किलोमीटरवर. रुळांच्या कडेने पालघरकडे चालत निघालात तर उमरोळी स्टेशन येण्याआधी. सूर्यमाला तिथे जवळजवळ संपली. आणि सर्वांत जवळचा दुसरा तारा? मुले म्हणत, "पालघर", कोणी "विरार", एखादा धीट मुलगा "दिल्ली" म्हणे. याच मापात तो चाळीस हजार किलोमीटरवर येतो. म्हणजे बोईसरहून निघायचे, पृथ्वीला पूर्ण वळसा घालायचा आणि पुन्हा बोईसरला यायचे. मधे काहीच नाही. आणि असे तारे आपल्या एका आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक.

या मापात वायआर-४ केवढा? एका मिलिमीटरचे सोळा-सतरा हजार भाग केले तर त्यातला एक. डोळ्याला दिसणार नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. विषाणूच्या मापाचा. तो शेकडो मीटरच्या पोकळीत फिरतो आहे आणि त्याने एका करवंदाला गाठायचे आहे. न गाठणे हाच नियम, गाठणे हा अपवाद. विषाणूच्या मापाची वस्तू काय करू शकते, हे मात्र २०२० सालापासून कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ या यानाने सहाशे कोटी किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात पृथ्वी एका ठिपक्याहूनही कमी भरते. ते चित्र वर्गात लावले तेव्हा एका मुलीने विचारले होते, "सर, यात तारापूरची भट्टी कुठे आहे?" मुले हसली. पण मला तो प्रश्न वेडगळ वाटला नाही. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र आपल्या किनाऱ्यावर सुरू झाले तेव्हापासून इथल्या माणसांनी शक्यतांच्या हिशेबाशेजारी संसार केला आहे. आणीबाणीची रंगीत तालीम होते, भोंगा वाजतो, गावकरी बसमध्ये बसतात आणि परत येऊन भात लावतात. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टीची माणसे घरे सोडून गेली. त्या ठिपक्याहून लहान ठिपक्यात हेही सगळे आहे.

खरोखरचा मोठा आघात मात्र वेगळ्या जातीचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर दहा किलोमीटरच्या आसपासचा लघुग्रह आदळला आणि डायनोसॉर संपले. त्याच सुमारास इकडे दख्खनचे ज्वालामुखी लाव्हा ओकत होते. असावा आणि काळदुर्गचे कडे त्या काळ्या थरांशी नाते सांगतात. डायनोसॉरांच्या अंतात मोठा वाटा मेक्सिकोतल्या दगडाचा की आपल्या लाव्हाचा, यावर संशोधकांचे भांडण अनेक वर्षे चालले. आज पारडे दगडाकडे झुकलेले आहे. पण असा दगड दहा कोटी वर्षांतून एखादा. एक किलोमीटरहून मोठे, म्हणजे सगळ्या जगाला अडचणीत आणतील असे, पृथ्वीजवळ फिरणारे लघुग्रह सुमारे पंच्याण्णव टक्के सापडले आहेत आणि त्यांतल्या कोणाचाही नजीकच्या शतकात आपल्याकडे येण्याचा बेत नाही. अडचण मधल्या आकारांची आहे. १४० मीटरहून मोठे अंदाजे पंचवीस हजार असावेत. त्यांतले निम्मेही अजून यादीत नाहीत. एखादे शहर पुसून टाकायला तेवढे पुरे.

सापडला तर काय करता येते? जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा अनेकांना आठवेल. पृथ्वीकडे येणारा धूमकेतू वळवण्यासाठी शास्त्रज्ञ गुपचूप यान पाठवतात आणि इकडे घरी शांतीसाठी यज्ञ होतो. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. पण त्यांच्या कथेतली कल्पना खरी होताना त्यांना पाहायला मिळाली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ हे पावणेसहाशे किलोचे यान, पृथ्वीपासून एक कोटी किलोमीटरहून दूर, एकशेसाठ मीटरच्या डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. हा लघुग्रह दुसऱ्या एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत असे. टक्करीनंतर फेरी ११ तास २३ मिनिटांची झाली. सव्वा मिनिटाचा फरक पडला तरी प्रयोग यशस्वी धरणार होते. पडला अर्ध्या तासाचा.

धक्का किरकोळच लागतो. दगडाचा वेग सेकंदाला एका सेंटिमीटरने, म्हणजे मुंगीच्या चालीएवढा बदला. दहा वर्षांत तो सरळ हिशेबाने तीन हजार किलोमीटरहून अधिक बाजूला सरकतो. अट एकच, दहा वर्षे आधी कळले पाहिजे. सगळा खेळ लवकर कळण्याचा आहे. म्हणून कोणीतरी रात्रभर जागून आकाशाची छायाचित्रे घेत बसते. लडाखमध्ये हान्ले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची एक दुर्बीण आहे, तिच्या कामांतही पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा पाठलाग आहे.

आता त्या परिचारिका बाईंकडे यायला हवे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. दिवसाला कधी एक, कधी अनेक धक्के. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात लागोपाठ धक्के बसले, त्यांतला सर्वांत मोठा चार रिश्टरच्या थोडा वर. घाबरून घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. माणसे थंडीत अंगणात, तंबूत झोपली. मी तेव्हा त्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या आईने जेवण वाढले ते अंगणात, आणि वाढताना ती दर थोड्या वेळाने भिंतीकडे बघत होती. तज्ज्ञ आले, भूकंपमापक बसले, पावसाचे पाणी कातळात मुरण्याशी याचा संबंध असावा असे संशोधन झाले. पण उद्या रात्री धक्का बसेल का आणि केवढा, हे सांगणारे शास्त्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी झोपेत गाडली गेली, तेव्हाही नव्हते.

आठ वर्षांनंतर पृथ्वीवर कोणत्या दिवशी, कोणत्या पट्ट्यात दगड येऊ शकतो ते आपण दशांश चिन्हापर्यंत सांगतो, कारण पोकळीत त्याला अडवणारे कोणी नाही आणि न्यूटनने त्याचा रस्ता साडेतीनशे वर्षांपूर्वीच आखून ठेवला. पायाखाली दहा किलोमीटरवर काय ताणले गेले आहे ते दिसत नाही, म्हणून सांगता येत नाही. हे मी बाईंना पुढच्या खेपेस सांगितले.

"म्हणजे लांबचं कळतं, जवळचं कळत नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग घर तरी नीट बांधून द्या म्हणावं. दगड यायचा तेव्हा येईल. आमच्या मागच्या भिंतीला तडा आहे, त्यात हात जातो."

यावर गणित नाही. सिमेंट, सळया आणि पैसे लागतात. आकाशातला दगड वळवायला यान पाठवणाऱ्या जातीला कुडाच्या आणि विटांच्या भिंती हलणाऱ्या जमिनीवर टिकतील अशा बांधणे अवघड नसावे. जपानने ते करून दाखवले आहे. आपण तंबू वाटले.

कर्जवाल्या गृहस्थांना मी अपोफिसची गोष्ट सांगितली आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी तो साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून जाईल, आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह असतात त्याहूनही जवळून. सर्वांत जवळ येईल तेव्हा आपल्या घड्याळात १४ तारखेची पहाट झालेली असेल. धडकेची शक्यता पूर्णपणे निकालात निघाली आहे. पूर्व गोलार्धात पुष्कळ ठिकाणांहून तो साध्या डोळ्यांना सरकत्या ताऱ्यासारखा दिसेल. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, पृथ्वीएवढे काळे डाग पडले, आणि मी शाळेची लहान दुर्बीण घेऊन आठवडाभर गच्चीवर छत्री धरून उभा होतो. पालघरचा जुलै, गुरू एकदाही दिसला नाही. त्याचे दुःख मला अजून आहे.

"एप्रिलात पावसाचा प्रश्न नाही," मी म्हणालो. "रात्री चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊ. दिवे जरा कमी आहेत तिथे."

त्यांनी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडून पाहिले. "तेरा तारीख शुक्रवार. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती, सुट्टी. जमेल, सर. रिक्षाचं बघावं लागेल." मग बाईंकडे वळून, "तुम्ही पण या की."

"माझी रात्रपाळी नसली तर येते," त्या म्हणाल्या.